खरा ठोसा

अक्काच्या घरी बोलायची सवयच नव्हती. अक्का म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात ती सिस्टर होती आणि तिथल्याच देवपूर भागात दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात एकटी राहायची. दहावीनंतर आबांनी मला भडगावहून तिच्याकडे आणून सोडलं ते सायन्सला जायचं म्हणून. ट्रंक ठेवून, चहा पिऊन आबा परतीच्या गाडीला गेले. अक्काने मला कपाटाचा खालचा कप्पा रिकामा करून दिला, स्टोव्हला पंप कसा मारायचा ते दाखवलं आणि ड्युटीच्या साडीचा पदर नीट करून निघून गेली. तिची ड्युटी कधी सकाळची, कधी दुपारची, कधी रात्रीची. मी कॉलेजातून यायची तेव्हा ती एकतर झोपलेली असायची नाहीतर गेलेली. ताटाखाली झाकलेली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वाटीत शेंगदाण्याची चटणी, कांदा फोडून ठेवलेला. तिच्या मायेची खूण तेवढीच. त्या वेळी मला ती खूण वाटत नव्हती, नुसतीच भाकरी वाटायची.

भडगावला आमचं घर बोलकं होतं. संध्याकाळी बुद्धवंदना व्हायची, मग आबा पेपर मोठ्याने वाचायचे, आई मधेच काही विचारायची, भाऊ भांडायचे. इथे दुपारी एवढी शांतता असायची, की नळाला पाणी यायच्या आधी पाइपातून येणारी हवासुद्धा ऐकू यायची. गिरणीचा भोंगा झाला, की मी उगाच खिडकीशी जायची. कॉलेजातल्या मुली आधीपासून जोड्या-जोड्यांनी होत्या. मी वर्गात फार बोलत नसे, कारण तोंडातून अहिराणी निघून जाईल अशी भीती असायची. घरी आम्ही अहिराणीच बोलायचो. धुळ्यात येऊन मी पुस्तकातलं मराठी बोलायला लागले आणि ते इतकं जपून बोलायची, की शेवटी बोलणंच कमी झालं. कधीकधी दोन-दोन दिवस माझा आवाज मला ऐकू आलेला नसायचा.

आमच्या गच्चीवरून मागच्या शाळेचं मैदान दिसायचं. तिथे संध्याकाळी कराटेचा क्लास चालायचा. वीस-बावीस मुलं पांढऱ्या कपड्यांत रांगेने उभी राहायची, सर जपानी आकडे मोजायचे आणि प्रत्येक आकड्याला सगळे मिळून एक आवाज काढायचे. पोटातून काढलेला, छोटा, तोडलेला आवाज. भिंतींवर आपटून तो आमच्या गच्चीपर्यंत यायचा. लोक मला पुढे विचारायचे, त्या काळी मुलगी असून कराटे कशाला शिकलीस, कोणी त्रास देत होतं का. मी हो म्हणून टाकायची, कारण ते कारण लोकांना पटतं. खरं तर मला कोणाशी लढायचं नव्हतं. मला त्या आवाजात आपला आवाज मिसळायचा होता, एवढंच.

अक्काला विचारलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. तिने दोन खडे काढून बाजूला टाकले. मग म्हणाली, हात मोडून घेऊ नकोस आणि आबांना पत्रात लिहू नकोस. दोन दिवसांनी तिने मांजरपाटाचं कापड आणून गल्लीतल्या शिंप्याकडे टाकलं. शिंप्याने असा पोशाख कधी शिवला नव्हता, त्याने पायजम्याला खिसा ठेवला. क्लासात खिसा असलेली मी एकटीच होते, आणि मुलगीही मी एकटीच.

सर गिरणीत नोकरीला होते. बारीक अंगाचे, कमी बोलणारे. त्यांचा भर मारण्यापेक्षा अडवण्यावर. पहिले दोन महिने त्यांनी आम्हांला ब्लॉकच शिकवले. डोक्यावर येणारा ठोसा हात कपाळाच्या वर नेऊन वळवायचा. छातीवरचा आतून बाहेर ढकलायचा. पोटात येणारी लाथ खालच्या हाताने बाजूला सारायची, आणि त्याच वेळी आपण तिरपं मागे सरायचं, कारण लाथेच्या समोर सरळ हात धरला तर हात मोडतो. मनगटाला शेवटच्या क्षणी पीळ द्यायचा. समोरच्याच्या मुठीकडे बघायचं नाही, खांद्याकडे बघायचं. मूठ सुटायच्या आधी खांदा हलतो. हे सगळं मला चांगलं यायचं. गच्चीवर, स्वयंपाकघरात, स्टोव्हवर डाळ शिजत असताना मी हात फिरवत असायची. रांगेत सर माझ्याजवळून जाताना मान हलवायचे. आणि तो आवाज, तोही मी सगळ्यांबरोबर काढायची. त्या एका तासात मला एकटं वाटायचं नाही.

मग जोडीचा सराव सुरू झाला. एकाने मारायचं, एकाने अडवायचं. सर म्हणाले जोड्या करा, आणि पापणी लवायच्या आत सगळ्यांच्या जोड्या झाल्या. मी उरले. सरांनी एका मुलाला माझ्यासमोर उभं केलं. त्याने ठोसा मारला तो माझ्यापासून हातभर अंतरावर थांबला. मी ब्लॉक केला, माझा हात हवेतून गेला. लाथ मारली ती पायाने दार लोटावं तशी. सर म्हणाले, छान. मला माहीत होतं की छान काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुसरा मुलगा, तिसऱ्या दिवशी तिसरा. सगळे सभ्य, सगळे हातभर लांब. माझ्या हाताला कोणाचा हात लागतच नव्हता. इतर पोरांचे हात मनगटापासून कोपरापर्यंत निळे पडलेले, ते एकमेकांना दाखवून हसायचे. माझे हात कोरे-स्वच्छ.

ते मुलगी म्हणून लांब थांबायचे की आमचं आडनाव ऐकून, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आता नोकरी करून निवृत्त झाले तरी कळलेलं नाही. त्यांच्यातल्या एखाद्याला आज भेटून विचारलं तर तो म्हणेल, अहो तुम्हाला लागू नये म्हणून. आणि ते खोटंही नसेल. पण कोणी आपल्याला इतकं जपलं, की आपण तिथे आहोत की नाही हेच कळेनासं होतं, त्याला काय म्हणायचं ते मला अजून सापडलेलं नाही.

दिवाळीनंतर भिकन आला. नरडाण्याचा. वडील रेल्वेत गँगमन, थोडी शेती. देवपुरात दोघा पोरांबरोबर खोली करून आयटीआयला जायचा. बुटका, मनगटं जाड, आणि बोलणं पहिल्या शब्दापासून अहिराणी, ज्याची त्याला काही लाज नव्हती. पोरं त्याची नक्कल करायची. तो 'आहे'ऐवजी 'शे' म्हणाला, की मागून दोघं-तिघं 'शे, शे' करायचे. जोड्या करायची वेळ आली आणि त्या दिवशी रांगेत दोघं उरलो, तो आणि मी.

त्याने वाकून नमस्कार केला, पाय मागे घेतला आणि ठोसा मारला तो सरळ माझ्या खांद्यावर बसला. मी दोन पावलं मागे गेले. डोळ्यांत पाणी आलं. त्याने विचारलं, "लागनं का?" मी नाही म्हटलं. तो म्हणाला, "मंग हात कव्हय उचलशी?"

मग हात कधी उचलणार आहेस, असं इतक्या साधेपणाने मला कोणी विचारलं नव्हतं. मी परत उभी राहिले. त्याने परत मारलं, परत लागलं. पाचव्या की सहाव्या वेळी माझा हात त्याच्या मनगटावर आदळला, हाडावर हाड वाजलं आणि त्याची मूठ माझ्या कानाजवळून निघून गेली. तो ठणका कोपरापर्यंत गेला. मला हसू आलं. तोही हसला.

त्या हिवाळ्याचे दोन-अडीच महिने माझ्या धुळ्यातल्या दिवसांतले चांगले दिवस. आम्ही फार बोलत नव्हतो. तो अहिराणीत बोलायचा, मी पुस्तकी मराठीत उत्तर द्यायची. मलाही ती भाषा येते, आमच्या घरची तीच आहे, हे मी त्याला सांगितलं नाही. पोरं माझी पण नक्कल करतील म्हणून. गावाहून आला, की तो भाजलेल्या शेंगा आणायचा आणि माझ्या त्या हास्यास्पद खिशात मूठभर टाकायचा. मैत्री म्हणावी तर एवढीच. त्यात आणखी काही होतं का, असं माझ्या मुलीने एकदा विचारलं होतं. मी विचार करून सांगितलं, की नाही; पण संध्याकाळ व्हायची मी वाट बघायची.

माझे हात निळे झाले. एकदा भांडी घासताना अक्काने ते पाहिले. माझा हात ओढून घेऊन तिने हाड बोटांनी चाचपलं, मनगट फिरवून बघितलं, मग मिठाचं पाणी गरम करून शेकायला दिलं. दुसऱ्या दिवशी भाकरीबरोबर वाटीत तूप होतं.

उन्हाळ्याच्या तोंडाला जळगावला पट्ट्याची परीक्षा होती. तिथे अनोळखी मुलांशी जोडी लागणार, ती हातभर लांब थांबणार नव्हती. माझी एक खोड होती. आधी लाथ आणि लगेच तोंडावर ठोसा असा दुहेरी हल्ला झाला, की लाथ अडवायला खाली गेलेला माझा हात वर यायला वेळ लावायचा. छातीवरचे ठोसे भिकन खरे मारायचा, पण तोंडावरचा तोही थांबवायचा; सरांचा तसा नियमच होता. मला वाटायचं, खरा लागल्याशिवाय हात शिकणार नाही. एके दिवशी सर दुसऱ्या टोकाला असताना मी त्याला हळूच म्हटलं, तोंडावर मार, थांबवू नकोस.

तो म्हणाला, "तोंडवर नही मारस मी."

मी परत सांगितलं. त्याने परत मान हलवली. तेव्हा मी म्हणाले, "मग तूही त्यांच्यासारखाच आहेस."

हे वाक्य मी का बोलले ते मला माहीत आहे. ते लागणार हे मला माहीत होतं.

त्याने पाय मागे घेतला. लाथ आली, मी ती सारली. त्याचा खांदा हलला, तो मला दिसलाही. आणि मग तोंडात खारट, गरम काहीतरी भरलं आणि मी गुडघ्यावर होते. वरचा ओठ फाटला होता, पुढच्या एका दाताचा कोपरा जिभेवर आला होता. पांढऱ्या कपड्यावर रक्त फार दिसतं. सर धावत आले, सगळी मुलं धावत आली. कोणी पाणी आणलं, कोणी रुमाल दिला, कोणी म्हणालं माझी सायकल घ्या. सरांनी भिकनला विचारलं, काय केलंस हे. त्याने माझ्याकडे बघितलं. मग सरांनी मला विचारलं, "याने मुद्दाम मारलं का?"

तोंडावर रुमाल होता, पण मान हलवता आली असती. मी हलवली नाही. एका क्षणात मी पुष्कळ हिशेब केला: मी सांगून मारून घेतलं हे कळलं, तर सर मला काढतील, अक्का मला भडगावला पाठवेल. आजवर मी स्वतःला हेच कारण देत आले. पण हे प्रकरण लिहायला बसले तेव्हा ठरवलं होतं, की दुसरं कारणही लिहायचं. त्या क्षणी ती वीस मुलं माझ्याभोवती वाकून उभी होती. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा सगळ्यांचे चेहरे जवळ होते, सगळे माझ्या बाजूचे होते. मला ते सोडवलं नाही.

सरांनी भिकनला पट्टा काढायला सांगितला आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणाले. त्याने गाठ सोडली, पट्ट्याची नीट घडी केली, सरांच्या हातात दिली. जाताना माझ्याजवळ थांबून तो म्हणाला, "तुना हात उशिरा उना." पोरांना वाटलं तो टोमणा मारतोय, एकजण त्याच्या अंगावर गेला. टोमणा नव्हता. रोज जोडी संपल्यावर तो माझी चूक सांगायचा, तशीच हात उशिरा आल्याची ही चूक त्याने सांगितली.

ओठाला अक्काने स्वतः टाके घातले, दवाखान्यात, पडद्याआड. तिचे हात अगदी हलके होते. टाके झाल्यावर तिने विचारलं, चुकून लागलं की मारलं. तिच्याशी खोटं बोलायला माझ्यात जोर नव्हता. मी म्हटलं, मीच मार म्हणाले होते.

"हे तिथे सांगितलंस?"

"नाही."

तिने कात्री ट्रेमध्ये ठेवली. "मग मला सांगून काय उपयोग?"

एवढंच. घरी येताना पांझरा नदीच्या पुलावर ती माझ्या पुढे चालत होती आणि मी मागे.

आठवडा मी घरीच बसले. मग क्लासच्या आधी सरांना एकटं गाठून खरं सांगितलं. सर म्हणाले, झालं ते झालं, आता विषय वाढवू नकोस, परीक्षा तोंडावर आहे. भिकनच्या खोलीवर गेले तर त्याचे सोबती म्हणाले, तो गावी गेला, आयटीआयलाही येत नाही. रविवारी मी अक्काला सांगून शिरपूरच्या एसटीत बसले आणि नरडाण्याला उतरले. एकटीने केलेला तो माझा पहिला प्रवास.

घर स्टेशनापासून जवळच होतं. भिकनची आई अंगणात बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालत होती. भिकन घरातून बाहेर आला, मला पाहून थांबला. आईने त्याला विचारलं, "कोनी पोर शे ही?" तो म्हणाला, क्लासमधली. तिने मला सावलीत बसवलं, पाणी दिलं, ताज्या बिबड्याचा ओला तुकडा हातावर ठेवला. मी तो तोंडात घालताना तिचं लक्ष माझ्या दाताकडे गेलं. हे कसं झालं, तिने विचारलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की घरी त्याने काहीच सांगितलेलं नव्हतं. क्लास बंद झाला, एवढंच तिला माहीत होतं.

भिकन म्हणाला, त्याचाच ठोसा लागला. आईचा चेहरा बदलला. मी घाईने म्हणाले, "मीच सांगेल व्हतं त्याले, मार म्हनीसन."

माझ्या तोंडून अहिराणी ऐकून भिकनने मान वर केली. इतके महिने शेजारी उभं राहून मी काय-काय लपवलं होतं, ते सगळं त्याला त्या एका वाक्यात कळलं असावं. त्याची आई नुसती म्हणाली, येडी पोरं, आणि परत बिबड्यांकडे वळली. मी त्याला सांगितलं, की सरांना मी खरं सांगितलंय. त्याने विचारलं, "सरले एकलाले सांगं ना?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, "बठ्ठा पोऱ्हे व्हतात तठे."

त्यात राग नव्हता. सगळी मुलं तिथे होती, हे खरंच होतं. स्टँडपर्यंत तो मला सोडायला आला, पण दहा पावलं पुढे चालत. गाडी आली तेव्हा तो लांब, टपरीशी उभा होता.

सोमवारी क्लास सुरू होताना सगळे रांगेत उभे राहिले, नमस्कार झाला आणि सर आकडे मोजायला लागणार तेवढ्यात मी पुढे आले. सर, मला बोलायचंय, म्हटलं. भिकनने मुद्दाम मारलं नाही, तो नको म्हणत होता, मी त्याला डिवचून मारायला लावलं, आणि सरांनी विचारलं तेव्हा मी गप्प बसले. एवढं बोलायला किती वेळ लागला कोण जाणे. ज्याने सायकल देऊ केली होती तो मुलगा खाली मातीकडे बघत होता. सर म्हणाले, "रांगेत जा," आणि आकडे सुरू झाले.

त्या दिवसापासून माझ्यासमोर हातभर लांबही कोणी उभं राहिना. जोड्या व्हायच्या, मी उरायची, आणि आता सरही कोणाला पाठवत नसत. मी कडेला एकटीच ब्लॉक करायची. पण आठवड्याच्या शेवटी सर माझ्याजवळ येऊन म्हणाले, त्याला कळव, त्याचा पट्टा माझ्याकडे आहे. मी त्याच दिवशी पोस्टकार्ड टाकलं. सगळं लिहिलं, सगळ्यांसमोर सांगितल्याचंही. भाषा कोणती वापरावी यावर बराच वेळ घालवला आणि शेवटी अहिराणीतच लिहिलं. अहिराणी लिहायची कशी हे मला कोणी शिकवलं नव्हतं. जशी बोलतात तशी लिहिली.

उत्तर आलं नाही. परीक्षेचा दिवस आला. एसटीने सगळे जळगावला गेलो. पत्र्याच्या शेडखाली, उन्हाने तापलेल्या हॉलमध्ये परीक्षा झाली. माझ्यासमोर एक उंच मुलगा आला, त्याला माझं नावही माहीत नव्हतं. त्याने लाथ मारली, मग तोंडावर ठोसा, मग परत लाथ. मी सगळं अडवलं. प्रत्येक वेळी हाडावर हाड वाजत होतं आणि प्रत्येक वेळी मी नकळत कडेला बघत होते, जिथे आमच्या क्लासची मुलं बसली होती. ती आपसांत बोलत होती. पट्टा मिळाला. सरांनी पाठीवर हात ठेवला. परतीच्या गाडीत पोरं पारोळ्यापर्यंत गाणी म्हणत होती आणि माझ्या शेजारी सगळ्यांच्या बॅगा ठेवलेल्या होत्या.

घरी पोचले तेव्हा अक्का ड्युटीवर गेलेली होती. झाकलेल्या ताटावर पोस्टकार्ड ठेवलेलं होतं, नरडाण्याचा शिक्का असलेलं. मी हात न धुताच वाचलं. अक्षर गोल, शाळेतलं, ओळी मापाने आखल्यासारख्या, भाषा पुस्तकी मराठी. आपले पत्र मिळाले. इकडे गव्हाची कापणी चालू आहे. माझे क्लासला येणे आता होणार नाही. आपण परीक्षेत यश मिळवावे, ही सदिच्छा. खाली त्याने आपलं पूर्ण नाव लिहिलं होतं, वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट, ओळख नसलेल्या माणसाला लिहितात तसं.